उजव्या पायाचं माप

१

बूटकाकांना माणूस चेहऱ्यापेक्षा पायावरून लवकर ओळखू येई. रस्त्यात कुणी हाक मारली तर ते आधी खाली बघत, मग वर. तीस वर्षं ते इस्पितळासाठी खास बूट करत होते. एक पाय आखूड असलेल्यांचे, सपाट तळव्यांचे, बोटं गमावलेल्यांचे. झिजलेला बूट उलटा करून हातात धरला की त्याचा मालक कसा उभा राहतो, कुठल्या गुडघ्याला जपतो, घाईतला आहे की टंगळमंगळ करणारा, हे ते घडाघडा सांगत. बायको म्हणे, "लोक तोंड बघून माणूस ओळखतात, आमच्या ह्यांना तोंडाचं काही पडलेलंच नाही."

अशा माणसाने जुनी पिकअप घेताना बॉनेट उघडण्याआधी पेडलं बघितली, यात नवल नाही.

गाडी हवी होती ती लेकीसाठी. ठमी अकरा वर्षांची. मागच्या वर्षी शाळेच्या जिन्यावरून पडली, मांडीचं हाड मोडलं, वाकडं जुळलं, पुन्हा कापून सरळ केलं. आता रोज सकाळी इस्पितळात गुडघ्याचा व्यायाम होता. तो करून घेणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सहा महिने. एखादा दिवस चुकला तर ठीक, पण सलग दोन-तीन चुकवू नका. गुडघा एकदा धरला की धरला. मग जन्मभर काठी." दोन बस बदलायच्या, उंच पायऱ्या, वर गर्दीचे धक्के. रोज ती तोंड मिटून चढायची आणि बूटकाकांच्या काळजाचं पाणी व्हायचं.

मेहुण्याने गाडी शोधून आणली. मेहुणा सगळ्या कामांत तरबेज होता, फक्त ती कामं कुणीतरी दुसऱ्याने करायची असत. गाडी कोणे एके काळी निळी असावी. दारांचे पत्रे खालून कुजलेले, मागचा हौदा पोचे पडलेला. "इंजिन बघा भाऊजी, हत्ती आहे हत्ती," असं तो म्हणत होता, तेव्हा बूटकाका उघड्या दारातून वाकून पेडलं न्याहाळत होते.

वेगाचं पेडल, सगळे ज्याला रेस म्हणतात ते, आतल्या बाजूला अंगठ्याखाली पार लोखंडापर्यंत झिजलेलं होतं. क्लचचं रबर बेताचं. आणि ब्रेकचं रबर कोरं. त्यावरच्या बारीक रेघासुद्धा शाबूत होत्या.

"नवीन घातलंय बघा," मेहुणा म्हणाला.

बूटकाकांनी नखाने दाबून बघितलं. रबर नवं नव्हतं. वयाने कडक झालं होतं, कडेला तडे गेले होते. ते बाकीच्या दोघांच्याच वयाचं होतं, फक्त त्यावर कधी पाय पडला नव्हता.

"चांगला ड्रायव्हर ब्रेक कमीच लावतो," मेहुण्याकडे उत्तर तयार होतं. गाडी घेतली.

२

मिस्त्रींच्या शेडमध्ये ती महिनाभर होती. मिस्त्री हा एकटा माणूस, तोंडाने फटकळ, हाताने सज्जन. रेडिएटर उतरवला, क्लचची प्लेट बदलली, सायलेन्सरला ठिगळ लावलं, दारांचे कुजके पत्रे कापून नवे जोडले. बूटकाका काम संपवून रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसत आणि मिस्त्री त्यांना रोज ऐकवत, "बूटकाका, तुम्ही बघत बसलात म्हणून नट लवकर घट्ट होत नाही."

मागची चाकं उघडली त्या दिवशी मात्र मिस्त्री चेष्टा विसरले. ब्रेकचे लायनर हातात घेऊन ते उजेडात गेले.

"हे बघा. कारखान्यातून आले तसेच आहेत."

"बदलले असतील."

"बदलणारा खूण सोडतो. पान्याचा ओरखडा तरी दिसतोच. हे उघडलेच नाहीत कुणी आजपर्यंत." मग स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाले, "गिअरवर थांबवत असतील. असतात एकेक शहाणे. आपल्याला काय करायचंय?"

आपल्याला काय करायचंय, हे वाक्य बूटकाकांना कधी पटत नसे. पण त्यांनीही मान हलवली. लायनर नवे बसले, तिन्ही पेडलांना नवी रबरं आली, खाली नवी रबरी मॅट आली. ठमीला चढायला त्यांनी स्वतः एक लाकडी पायरी केली.

मग सुरू झाले ते दिवस खरोखर सुखाचे होते. सकाळी सातला ठमी शेजारी ऐटीत बसे, मागे हौद्यात कातड्याच्या गुंडाळ्या आणि बुटांची खोकी. तिला व्यायामाला सोडून ते इस्पितळातच मापं घेत, दहाला दोघं परत. गुडघा आधी मूठभर वाकायचा, मग वीतभर वाकायला लागला. बूटकाका गाडीला मनातल्या मनात दुवा देत.

तिसऱ्या आठवड्यात त्यांची कातडं टोचायची आरी हातातून निसटून पेडलांखाली गेली. ती काढायला ते वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. रेसचं नवं रबर आतल्या बाजूला, अंगठ्याखाली, खोलगट झालं होतं. ब्रेकच्या रबरावर कारखान्याची पांढरी पूड अजून तशीच होती.

३

ते रोज ब्रेक लावत होते. सिग्नलला, फाटकाशी, दिवसातून पन्नास वेळा. मग पूड कशी राहिली? याचं उत्तर त्यांना सापडेना, म्हणून त्यांनी सोपा प्रश्न धरला: रबर कुणी बदललं?

"मी?" मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "तुमचं नवं रबर चोरून मी जुनं लावणार? बूटकाका, चोरीच करायची तर बॅटरी नेईन. रबराचं काय लोणचं घालू?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंत. फक्त तोंडाने नाही म्हटलंत."

ते खरं होतं आणि बूटकाकांना लाज वाटली. पण संशय हा लाजेने जाणारा पाहुणा नव्हे. घरी येऊन त्यांनी आपल्याकडचं सगळ्यात चिवट सोलचं रबर काढलं. त्या रबराचा बूट घालून एक टपालवाला तीन वर्षं हिंडला होता. त्याचा तुकडा कापला, आतल्या बाजूला आपला शिक्का ठोकला. त्यांच्या प्रत्येक बुटात असतो तो, तांदळाएवढा. मग तुकडा स्वतःच्या हाताने रेसच्या पेडलावर चिकटवला आणि वरून चार टाके घातले.

दहा दिवसांनी टाके कापून तुकडा सोडवला. आतल्या बाजूला शिक्का त्यांचाच होता. वरच्या बाजूला अंगठ्याखाली खड्डा पडला होता. त्यात त्यांनी स्वतःचा अंगठा ठेवून बघितला. खड्डा मोठा होता.

एवढं झिजायला त्या टपालवाल्याला तीन वर्षं लागली होती. बूटकाका तुकडा हातात घेऊन बाकावर बसून राहिले. त्यांना तो पाय दिसू लागला. रुंद चवडा, बाहेर वळलेला, सगळा भार अंगठ्यावर. टाच जवळजवळ टेकतच नाही. हा माणूस पाय ठेवतो आणि मग तो उचलत नाही, एवढं त्यांना त्या तुकड्यावरून कळलं.

४

आता उरला मेहुणा. तो दुपारी घरी जेवायला येई, बूटकाका कामात असत, किल्ली खिळ्याला लटकलेली. चावी घ्यायची, मित्रांबरोबर हुंदडायचं आणि गपचूप आणून लावायची, हे त्याच्या स्वभावाला धरूनच होतं. बूटकाकांनी किल्ली खिशात ठेवायला सुरुवात केली. त्यावर बायको म्हणाली, "माझ्या भावाला चोर म्हणायचं तर सरळ म्हणा, असे खिसे कशाला भरता?"

"मी कुणाला काही म्हणत नाही."

"हल्ली तुम्ही काहीच म्हणत नाही. नुसते सगळ्यांच्या पायांकडे बघता."

ते तर ते आयुष्यभर बघत आले होते. पण आता ते ज्या नजरेने बघत, ती तिला कळत होती.

एका दुपारी ठमीला घरी सोडल्यावर त्यांनी बुटात घालायची पांढरी पूड आणली आणि चाळणीने गाडीच्या आत भुरभुरवली. पेडलांवर, दोन्ही बाजूंच्या मॅटवर, सगळीकडे एकसारखा पातळ थर. दारं लावली, कुलपं तपासली, किल्ली छातीच्या खिशात टाकली. आपण हे काय करतोय, असं त्यांना एकदा वाटलं. पण काम नीट झालं होतं, आणि नीट झालेल्या कामाचं त्यांना नेहमीच समाधान वाटे.

उन्हं उतरायच्या आत ते परत आले. मेहुणा दिवसभर घरात सोफ्यावर लोळत होता, बायको साक्षीला होती. कुलपं जशीच्या तशी. चालकाच्या बाजूला पुडीवर ओरखडाही नव्हता. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि पलीकडे बघितलं.

शेजारच्या जागेसमोर, मॅटवर दोन ठसे होते. फक्त चवड्यांचे, बोटं ताणलेली. टाचा नाहीत. आणि ठसे नुसते उमटलेले नव्हते. रबर तिथे दाबलं गेलं होतं, दोन उथळ खळगे पडले होते.

ठमीचे नव्हते ते. तिच्या डाव्या बुटाला बोटभर जाड तळ होता, त्यांनीच लावलेला. हे मोठ्या माणसाचे अनवाणी पाय होते. बूटकाकांनी लाकडी पायरीवर बसून ते ठसे वाचले, कारण वाचायचं नाही म्हटलं तरी त्यांना जमलं नसतं. टाचा उचलून चवडे असे जमिनीत कोण रुतवतं? जो आपल्या जागेवर मागे रेलतोय, ज्याच्या पायापाशी ब्रेक नाही आणि ज्याला तो हवा आहे.

त्यांनी पूड झटकून टाकली. घरात कुणाला सांगितलं नाही.

५

गाडी विकणाऱ्या बाईंचा पत्ता मेहुण्याने कुरकुरत दिला. बूटकाका चालत गेले. तळमजल्यावरची नीटनेटकी खोली, दारापाशी चपलांचा एकच जोड. दार उघडेपर्यंत त्यांनी चपला बघून घेतल्या. टाचा नव्यासारख्या, पुढचा भाग दोन्हीकडे आरपार गेलेला.

बाई साठीच्या असतील. त्यांनी पाणी विचारलं, आत मात्र बोलावलं नाही.

"गाडी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "कधी वाटेत बंद पडली नाही."

"चालवायचं कोण?"

"घरातलेच. आधी हे. मग मुलगा." बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दोघं सारखीच चालवायचे. आधी तसं नव्हतं हो. मुलगा आधी माझ्यासारखा होता, हळू. शेवटी शेवटी मागून बघितलं की कळायचं नाही, कोण बसलंय."

"आता कुठे असतो मुलगा?"

बाईंनी पदराचं टोक सोडून पुन्हा गुंडाळलं.

"मी मग मागे हौद्यात बसायला लागले," त्या म्हणाल्या. "ऊन असो, काही असो. सामानाबरोबर. लोक हसायचे. हसेनात का!" आणि मग एकदम, "तुमच्या शेजारी कोण बसतं?"

"लेक."

बाईंनी खाली बघितलं, त्यांच्या उजव्या पायाकडे. लोकांच्या पायांकडे बघत तीस वर्षं गेली, पण आपल्या पायाकडे कुणी असं बघितल्याचं बूटकाकांना आठवेना. बाई अर्धं पाऊल मागे सरकल्या.

"तिला मागे बसवत जा," त्या अगदी हळू, समजुतीने म्हणाल्या. मग दार लागलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

परतताना ते वाटेतल्या एका कट्ट्यावर बसले आणि उजवा बूट काढून उलटा केला. आयुष्यभर त्यांची टाच बाहेरच्या कडेने झिजत आली होती. ही टाच कोरी होती. अंगठ्याखाली मात्र सोल खोलगट झालं होतं.

६

कारागिराच्या घरात स्वतःच्या पायांची कलबुतं असतातच. कलबूत म्हणजे पायाचा लाकडी साचा, ज्यावर बूट चढवून शिवतात. बूटकाकांनी आपलं उजवं कलबूत फळीवरून काढलं, पुसलं आणि पायाशेजारी ठेवलं. पाय चवड्याशी पाऊण बोट रुंद भरला.

"वयानं पसरतात पाय," बायको म्हणाली.

"एकच?"

मग ठमी बोलली. ती दारात काठीवर रेलून उभी होती. "बाबा, रागावणार नाहीस ना? तू हल्ली ब्रेक फार उशिरा लावतोस. मला पोटात कसंतरी होतं."

"मी वेळेवरच लावतो."

"नाही रे. आधी मी पाय दाबते, मग गाडी थांबते."

त्याच दिवशी त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि दुसऱ्या सकाळी लेकीला बसने नेलं. तिसऱ्या दिवशी बसच्या पायरीवर कुणाचा तरी धक्का लागून ती पडली. गुडघा सुजला, चार दिवस व्यायाम बंद. व्यायामाच्या बाईंनी गुडघा हातात घेऊन बघितला आणि बूटकाकांना बाहेर बोलावून झापलं. "वीतभर वाकत होता, आता चार बोटं वाकतोय. अजून आठवडाभर असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. गाडी आहे ना तुमच्याकडे? मग?"

मग काय सांगणार? पुडीवर ठसे आले म्हणून? मेहुण्याला गाडी चालवायला सांगावी असंही मनात आलं. पण गाडी विकणाऱ्या बाईंचा मुलगाही आधी हळूच चालवत होता. दुसऱ्या कुणाला त्या जागेवर बसवायला त्यांचं मन धजेना.

तेव्हा बूटकाकांनी तेच केलं, जे त्यांना येत होतं. दोष पायात असेल तर पायावर इलाज असतो, हे त्यांनी हजार वेळा करून दाखवलं होतं. अंगठ्यावर भार देणाऱ्याला चवड्याखाली उंचवटा द्यायचा, टाच खोल बसवायची, तळ ताठ ठेवायचा. पाय आपोआप मागे येतो. त्यांनी पेडलावरच्या त्या झिजलेल्या तुकड्याचा मेणात ठसा घेतला, ठशावरून चवडा काढला, चवड्यावरून पाऊल. लाकूड तासून नवं कलबूत केलं आणि त्यावर एकच बूट शिवला, उजव्या पायाचा. चार दिवस, सकाळी ठमीला बसने नेऊन आणल्यावर, ते जेवायलासुद्धा उठले नाहीत. कितीतरी दिवसांनी त्यांना आपण भितो आहोत हे विसरायला झालं होतं.

रोग्याचं माप घेताना ते आधी नाव विचारत, मग पाय. या खेपेला नुसतं माप घेतलं.

बूट पायात गेला तो बोटभरही न अडता. तीस वर्षांत पहिल्याच खेपेला कुठेही न चावलेला बूट त्यांनी केला नव्हता, स्वतःसाठीही नाही. इथे त्यांनी थांबायला हवं होतं. पण कारागीर शेवटी कौतुकाचा भुकेला. त्यांना वाटलं, हात अजून शाबूत आहे.

आणि गुण आला! रेसचं रबर झिजायचं थांबलं. मॅट सपाट राहिली. ठमी गाडीत डुलक्या काढू लागली. गुडघा पुन्हा वीतभर आला, मग त्याहून जास्त. मिस्त्रींची त्यांनी माफी मागितली. मेहुण्याला चहा पाजला, तर त्यालाच संशय आला की भाऊजींना काहीतरी काम असणार.

बायकोचं समाधान तेवढं होत नव्हतं. "घरातही तोच एक बूट? काढत का नाही?"

"सवय लागली. बरं वाटतं त्यात."

"काल रस्त्यात तुम्ही पुढे चालला होतात. मागून बघितलं तर मला तुम्ही वाटलातच नाही."

"पाळत ठेवतेस का माझ्यावर?" ते ओरडले. एवढ्या मोठ्या आवाजात ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. ती आत निघून गेली. त्यांना वाईट वाटलं, पण बूट त्यांनी काढला नाही.

७

सहा महिने संपले त्या सकाळी ठमीने अट घातली. "मी दारापासून गाडीपर्यंत एकटी येणार. बिनकाठीची. तू उतरायचं नाहीस. नुसतं बसून बघायचं."

इस्पितळाच्या फाटकाशी रस्ता चिंचोळा होता आणि रखवालदार कुणाला थांबू देत नसे. बूटकाकांनी हात जोडून त्याच्याकडून दोन मिनिटं मागून घेतली. गाडी फाटकाच्या दगडी खांबाला जवळजवळ घासून उभी केली, पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबून, इंजिन चालू. ठमी दारात आली. व्यायामाच्या बाई तिच्यामागे हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

ती निघाली. बूटकाका सवयीप्रमाणे पायच बघत होते. टाच, चवडा. टाच, चवडा. दोन्ही बाजूंना सारखा भार, डावा गुडघा हवा तेवढा वाकत होता. इतका सुंदर पाय पडताना त्यांनी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना ते पुसावेसेही वाटले नाहीत.

इंजिनाचा आवाज वाढला. मागे दुसरी गाडी आली असेल, असं वाटून त्यांनी आरशात बघितलं. मागे कुणी नव्हतं. आवाज आणखी चढला, स्टिअरिंग हातात थरथरू लागलं. त्यांनी खाली बघितलं.

उजवा पाय पेडलावर होता. दाबत नव्हता, जोर लावत नव्हता. नुसता आरामात टेकलेला होता. दमलेला माणूस आपल्या जुन्या जागी बसावा तसा त्या बुटात निवांत बसला होता. उचल, त्यांनी मनाशी म्हटलं. मग तोंडाने म्हटलं, रोग्यांच्या पायांना सांगत त्याच आवाजात, "उचल बाळा, उचल." पाय, कुणा दुसऱ्याशी बोलणं चाललं असावं तसा, जागच्या जागी राहिला. त्यांनी किल्ली फिरवली. किल्ली हातात आली, इंजिन तसंच गर्जत होतं. हातब्रेक ओढला, तो सैल दोरीसारखा वर आला. दोन्ही हातांनी गिअरचा दांडा ओढला. तो तसूभर हलला नाही.

गाडी अडून होती ती फक्त डाव्या पायावर. तो त्यांचा होता. त्याने क्लच जमिनीपर्यंत दाबून धरला होता आणि पोटरीत गोळा यायला लागला होता.

ठमी हसत होती. बाबा आनंदाने इंजिन घुमवतोय असं तिला वाटलं असावं. ती अगदी नीट, सावकाश, बॉनेटच्या समोर येत होती. शेजारच्या जागेसमोर मॅटवर काहीतरी करकरलं. बूटकाकांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. रबर दोन ठिकाणी खाली जात होतं, आणखी खाली. वर बघायचं त्यांनी टाळलं.

"पळ!" ते खिडकीतून ओरडले. "ठमे, बाजूला पळ!"

तिचं हसू मावळलं. आणि घाबरल्यावर तिला जे करायला शिकवलं होतं तेच तिने केलं. ती थांबली. पडू नये म्हणून दोन्ही पाय जमिनीवर रोवून, अगदी समोर, ताठ उभी राहिली.

बाई धावल्या, पण त्या लांब होत्या. डावा पाय थडथडू लागला. अजून थोडा वेळ तो धरेल, मग आपण होऊन सुटेल, आणि तेव्हा चाकं सरळ असतील. एवढा हिशेब बूटकाकांना कळला. त्यांनी स्टिअरिंग खांबाकडे फिरवलं, फिरेल तितकं, आणि दोन्ही कोपरांत घट्ट आवळून धरलं. खांब त्यांच्याच बाजूला होता, पुढच्या चाकापासून हातभर पुढे.

मग त्यांनी लेकीकडे बघितलं. या वेळी पायांकडे नाही, चेहऱ्याकडे. तिच्या हनुवटीवर एक बारीक तीळ होता. तो कधीपासून आहे ते त्यांना आठवेना. तिच्याकडे बघत, कुणी दुसऱ्याने उचलायच्या आत, त्यांनी आपला डावा पाय उचलला.